दगडावर कोणाचे नाव?

(वाचन : यहोशवा ४:१-२४, रोमकरांस पत्र, अध्याय १६)

इस्राएल लोक यार्देन नदी कोरड्या पायांनी उतरून गेले, तेव्हा देवाने त्यांना लगेच दिलेली आज्ञा लढाईची नव्हती, तर धोंडे उचलण्याची होती. प्रत्येक वंशातून एक, अशा बारा माणसांनी नदीच्या पात्रातला एकेक धोंडा खांद्यावर घेतला आणि गिलगाल येथे ते बारा धोंडे उभे करण्यात आले. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशासाठी, तेव्हा आईबापांनी त्यांना ही सारी हकिगत सांगावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. हा पाठ शब्बाथ शाळेत आपण सर्वांनी ऐकला आहे व अनेकांनी शिकवलाही आहे.

परंतु या अध्यायातील दोन बारीक गोष्टी आपल्या नजरेतून सहसा सुटतात. पहिली ही की, त्या धोंड्यांवर कोणाचेही नाव कोरलेले नव्हते. ज्या बारा माणसांनी ते वाहून आणले त्यांचीही नावे शास्त्रलेखकाने दिलेली नाहीत. दुसरी गोष्ट नवव्या वचनात आहे. यहोशवाने आणखी बारा धोंडे नदीच्या मध्यभागी, जेथे कराराचा कोश वाहणारे याजक उभे होते, तेथे उभे केले. थोड्याच वेळात पाणी पूर्वीसारखे वाहू लागले व ती रास पाण्याखाली गेली. म्हणजे त्या दिवशीच्या दोन आठवणी राहिल्या, एक काठावर सर्वांस दिसणारी आणि दुसरी पाण्याखाली असलेली.

या दोन राशी मनात ठेवून आपण आज एका प्रश्नाचा विचार करू. गावातील जुन्या इमारती, कोनशिला, उपासना मंदिराच्या भिंतीवरील संगमरवरी पाट्या, कबरस्थानातील दगड, या सर्वांवर कोणाचे नाव असावे आणि ते कशासाठी असावे? हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे असे कोणी समजू नये. जीर्णोद्धाराच्या वेळी पाटीवर कोणाचे नाव आधी यावे यावरून मंडळ्यांत कटुता आलेली आपण पाहिली आहे, आणि पाटीवरच्या अक्षरांवरून अख्खी गावे भांडलेलीही पाहिली आहेत.

प्रथम एका आक्षेपाचे उत्तर द्यावयास हवे, कारण तो आपल्यातील श्रद्धावंत मंडळींकडून येतो. ते म्हणतात, आपण प्रॉटेस्टंट लोक. माणसांच्या समाध्यांचे व दगडांचे आपल्याला काय? मोशेची कबर कोणास ठाऊक नाही, असे अनुवादात लिहिले आहे. हिज्कीया राजाने तर मोशेने स्वतः केलेल्या पितळी सर्पाचे तुकडे केले, कारण लोक त्याला धूप दाखवू लागले होते. हा आक्षेप हलका नाही. जी वस्तू देवाच्या उपकाराची आठवण म्हणून ठेवली, तीच उपकारकर्त्याच्या जागी जाऊन बसू शकते. तसे होते तेव्हा ती मोडणे हाच धर्म आहे. पण ध्यानात घ्या, हिज्कीयाने गिलगालचे धोंडे उपटले असे कोठेही लिहिलेले नाही. शमुवेलाने उभा केलेला एबन-एजरचा दगडही त्याच पवित्र शास्त्रात मानाने उभा आहे. शास्त्राचा आक्षेप दगडावर नाही. माणसे त्या दगडाकडून काय वदवून घेतात, यावर आहे.

याचे दुसरे टोक म्हणजे अबशालोम. आपले नाव चालवावयास पुत्र नाही म्हणून त्याने राजाच्या खोऱ्यात जिवंतपणीच स्वतःसाठी स्तंभ उभारला व त्याला आपले नाव दिले. पुढे त्याचा शेवट कसा झाला हे त्याच ठिकाणी, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, सांगितले आहे. रानातल्या एका खड्ड्यात त्याचे प्रेत टाकून लोकांनी त्यावर धोंड्यांची मोठी रास केली. गिलगालचे धोंडे देवाने काय केले ते सांगत होते. अबशालोमाच्या स्तंभाला मात्र अबशालोमाच्या नावाखेरीज सांगण्यासारखे काहीच नव्हते.

आता शास्त्रातून निघून एका गावात जाऊ. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम काठावर श्रीरामपूर नावाचे शहर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील आपले श्रीरामपूर ते हे नव्हे. इंग्रजीत ज्याला सेरामपूर म्हणतात ते. आपल्या अनेक पाळकांच्या पदवीपत्रांवर व पदविकांवर हेच नाव असते. १७५५ साली डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीने तेथे वखार घातली आणि १८४५ साली डेन्मार्कने ते गाव इंग्रजांना विकले. मधल्या नव्वद वर्षांत तेथे जे घडले त्यामुळे हे लहानसे नदीकाठचे गाव साऱ्या हिंदुस्थानच्या मंडळीला ठाऊक झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात त्या काळी मिशनऱ्यांना थारा नव्हता. म्हणून विल्यम केरी १८०० सालच्या जानेवारीत डॅनिश गव्हर्नरच्या आश्रयाला या गावी आला. मार्शमन व वॉर्ड हे त्याचे सहकारी त्याच्या आधीच तेथे येऊन पोहोचले होते.

या गावात वाचण्यासारखे दगड पुष्कळ आहेत. डॅनिश लोकांचे सेंट ओलाव्ह चर्च १८०६ साली पुरे झाले. १८१८ साली स्थापन झालेले कॉलेज नदीकडे तोंड करून आजही उभे आहे. त्याला डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या देण्याची सनद दिली. अलीकडे डेन्मार्कचे राष्ट्रीय संग्रहालय व पश्चिम बंगालचे वारसा मंडळ यांच्या सहकार्याने तेथील जुन्या इमारतींची दुरुस्ती झाली. मोडकळीस आलेले सेंट ओलाव्ह चर्च २०१६ साली पुन्हा उपासनेसाठी उघडले, आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. ज्यांनी यासाठी हात लावला त्यांतील बहुतेक जण आपल्या मंडळीचे सभासद नव्हते. तरी जुन्या उपासना मंदिराला ते आपल्या गावाचे धन समजले. ही गोष्ट आपण नम्रतेने लक्षात ठेवावी.

त्याच गावात हेन्री मार्टिनचा पॅगोडा म्हणून ओळखली जाणारी एक पडकी वास्तू आहे. मुळात ते राधावल्लभाचे देऊळ होते. नदी जवळ सरकू लागल्याने मूर्ती दुसऱ्या देवळात नेण्यात आली व ही जागा ओस पडली. १८०६ साली हेन्री मार्टिन हा तरुण पाळक काही महिने तेथे राहिला, प्रार्थना व अभ्यास करीत राहिला, आणि तेव्हापासून त्या वास्तूला त्याचे नाव पडले. आता त्या दारावर पाटी लावायची झाली तर काय लिहावे? केवळ मार्टिनचे नाव लिहिले तर ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांच्यावर अन्याय होतो. केवळ देवळाचे नाव लिहिले तर तेथे गुडघे टेकणाऱ्या त्या माणसाची आठवण पुसते. दोन्ही लिहावे हेच खरे. सत्य सांगताना आपल्या वाट्याचे तेवढेच सांगावे, असे नवव्या आज्ञेत कोठे म्हटले आहे? अर्धे सांगून शेजाऱ्याचा भाग गाळणे हीसुद्धा खोटी साक्षच होय.

परंतु या गावातील सर्वांत बोलका दगड मिशनच्या कबरस्थानात आहे. केरी ९ जून १८३४ रोजी वारला. बंगाली, संस्कृत, मराठी, हिंदी, ओडिया, असमिया अशा भाषांत शास्त्राची भाषांतरे त्याच्या देखरेखीखाली झाली. फोर्ट विल्यम कॉलेजात त्याने पुष्कळ वर्षे भाषा शिकवल्या. शेती व बागाईत यांची सुधारणा व्हावी म्हणून १८२० साली त्याने एक संस्था काढली. यांपैकी एकही गोष्ट त्याच्या कबरीच्या दगडावर लिहिलेली नाही, कारण त्याने आपल्या मृत्युपत्रातच तसे बजावून ठेवले होते. आपले नाव, जन्म व मृत्यूच्या तारखा, आणि आयझॅक वॉट्सच्या एका गीतातील दोन ओळी. याहून अधिक काही नको. त्या ओळींत एक दुबळा, कंगाल जीव देवाच्या हातांवर स्वतःला टाकून देतो. ज्याला लिहिण्यासारखे इतके होते, त्याने देवाच्या दयेवाचून काहीच लिहू दिले नाही. त्याने निवडलेला दगड गिलगालच्या जातीचा होता.

येथेच थांबलो तर हा लेख केरीची स्तुती होऊन बसेल, आणि ती त्यालाच आवडली नसती. म्हणून आता पाण्याखालच्या राशीकडे वळू.

१८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले. त्याच वर्षी केरीचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि १८११ साली मराठी नवा करार निघाला. गोव्यातील वाचकांना माहीत आहे की फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. पण ते रोमन लिपीत होते. देवनागरीत छापलेल्या मराठी पुस्तकांत श्रीरामपूरची पुस्तके अगदी आरंभीची होत. मग प्रश्न असा की, नॉर्दम्प्टनशायरच्या चांभारदुकानात उमेदवारी केलेला हा इंग्रज हुगळीच्या काठी बसून मराठी शिकला तरी कोणाकडून?

तो शिकला वैजनाथ शर्मा यांच्याकडून. फोर्ट विल्यम कॉलेजातले ते मुख्य मराठी पंडित. केरीने आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले आहे. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश व राजा प्रतापादित्याचे चरित्र ही वैजनाथांची मराठी पुस्तकेही १८१४ पासून पुढे श्रीरामपुरासच छापली गेली. आणि ज्या खिळ्यांनी ही अक्षरे कागदावर उमटली, ते खिळे कोणी पाडले? पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याने. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागून कागद, हस्तलिखिते, खिळे सारे जळाले. तेव्हा खिळे पाडण्याचे मूळ ठसे मात्र वॉर्डला ढिगाऱ्यात शाबूत मिळाले. त्या ठशांवरून पुन्हा खिळे ओतून काही आठवड्यांत छपाई सुरू झाली, ती याच कारागिरांच्या हातांनी. मनोहर आपल्या देवाच्या तसबिरीखाली बसून शास्त्राच्या छपाईचे ठसे कोरीत असलेला एका मिशनऱ्याने पाहिला आणि तसे लिहून ठेवले.

वाचकहो, हे जरा थांबून मनात घ्या. आपल्या हातातील मराठी शास्त्राच्या पहिल्या पायरीवर एका हिंदू पंडिताचे ज्ञान व हिंदू लोहारांची कारागिरी उभी आहे. ते ख्रिस्ती नव्हते म्हणून आपण त्यांचे ऋण नाकारणार काय? शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा सोराहून आलेला हिराम नावाचा कारागीर त्याच्या पितळी कामावर होता; शास्त्राने त्याचे नाव लिहून ठेवले. पौलाने रोमच्या मंडळीला पत्र पाठवले, त्याच्या शेवटच्या अध्यायात वीसाहून अधिक नावे आहेत. त्यांत घरी मंडळी भरवणारे आहेत, श्रम करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि बाविसाव्या वचनात तर पत्र लिहून घेणारा तर्तिय स्वतःचा सलाम घालतो. पत्र पौलाचे, पण लेखणी तर्तियाची, हे पवित्र आत्म्याने दडवून ठेवले नाही. मग वैजनाथ शर्मांच्या नावाचा दगड आपल्या कोणत्या मंदिराच्या भिंतीत आहे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. स्मारक हे ऋणाची पावती असावे, मालकीचा दाखला असू नये. दगड लावणाऱ्याने स्वतःस विचारावे, या दगडाने आम्ही कोणाचे देणे मान्य करीत आहोत? या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर तो दगड अबशालोमाच्या स्तंभाचा भाऊ समजावा.

यावर कोणी म्हणेल, काही जुन्या दगडांवर अहंकाराची व तुच्छतेची भाषा आहे. एखाद्या साहेबाच्या पाटीवर येथील लोकांविषयी असे शब्द असतात की वाचताना मान खाली जाते. ते उखडून टाकावेत काय? आमच्या मते, ज्याला लोक धूप दाखवीत नाहीत, तो दगड फोडण्याची घाई करू नये. फोडलेल्या दगडाविषयी मूल काहीच विचारू शकत नाही. त्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरा लावावा आणि गाळलेले नाव त्यावर लिहावे. प्रभु येशूने परूशांना दोष दिला तो संदेष्ट्यांच्या कबरी बांधल्याबद्दल नव्हे. कबरी शृंगारून, आम्ही आमच्या वाडवडिलांसारखे नाही असा जो तोरा ते मिरवीत होते, त्याबद्दल दिला. जुन्यांचे दगड फोडून आपणही त्यांच्यासारखेच म्हणू लागू की, आम्ही मात्र निर्दोष.

आता आपल्या घरचा विचार. बेळगावात लंडन मिशनने १८२० साली काम सुरू केले. त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथेही आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आपली मुले शाळेत कानडी, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात. रविवारी ती गीते म्हणतात, पण आजीच्या कबरीवरील मराठी ओळ वाचा म्हटले तर पुष्कळांना ती वाचता येत नाही. म्हणजे दगड शाबूत आहे, अक्षर शाबूत आहे, आणि तरीही तो मुका झाला आहे. यहोशवाने हे ओळखले होते. धोंडा आपण होऊन काही सांगेल असे त्याने म्हटले नाही. मूल विचारील आणि बाप सांगेल, असे म्हटले. सांगणारे संपले की गिलगाल म्हणजे बारा धोंडे, दुसरे काही नाही.

आणि येथे श्रीरामपूर आपल्याला धीर देते. देवनागरीतले मराठी शुभवर्तमान पहिल्याने छापले गेले ते पुण्यास नव्हे, मुंबईसही नव्हे, तर बंगालमध्ये. आणि तेथे मराठी बोलणारा पंडित हा आपल्यासारखाच परमुलखात राहणारा होता. तेव्हा मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या मंडळीने आपल्याला आठवण जपण्याचा अधिकार नाही असे मुळीच समजू नये. पण त्याच वेळी, आम्ही येथे आधी होतो, हे सिद्ध करण्यासाठी जुन्या दगडांचा शस्त्रासारखा उपयोगही करू नये. गिलगालचे धोंडे शेजाऱ्यांवर फेकण्यासाठी आणले नव्हते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. वर्षातून एकदा मुलांना कबरस्थानात न्या. दगड धुवावयाचे तर साधे पाणी व मऊ ब्रश वापरा. तारेचा ब्रश व ॲसिड यांनी अक्षरे कायमची झिजतात. प्रत्येक दगडावरील मजकूर आहे तसा वहीत उतरवून घ्या व त्या वहीची एक प्रत मंडळीच्या दप्तरी ठेवा. नंतर जुनी बाप्तिस्म्याची व लग्नाची पुस्तके काढून, ज्यांचा दगडच नाही अशांची नावे शोधा. पहिला कॅटेकिस्ट, घरोघर फिरणारी बायबलबाई, घंटा वाजवणारा, विहीर खणणारा, मंदिराच्या भिंती रचणारा गवंडी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. जीर्णोद्धार झाला तर जुनी कोनशिला काढून फेकू नका. नवी पाटी लावायचीच असेल तर कमिटीची नावे थोडी कमी करा आणि या शोधलेल्या नावांना जागा द्या. आणि मुलांना शेजारच्या देवळाचे, मशिदीचे, किल्ल्याचे दगडही आदराने वाचावयास शिकवा; त्या दगडांतही आपल्या गावाचे देणे लिहिलेले आहे.

कोणी विचारील, एवढे करूनही जी नावे सापडणार नाहीत त्यांचे काय? त्यांच्यासाठी नदीच्या मध्यभागातली ती दुसरी रास आहे. ती कोणास दिसत नव्हती, परंतु ती मांडणाऱ्याला ठाऊक होती आणि देवालाही ठाऊक होती. आपल्या शिष्यांना प्रभूने सांगितले की, भुते वश झाली याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. त्या नोंदीला पाऊस लागत नाही. तेथे आपले नाव असेल, तर येथे भिंतीवर ते दुसऱ्याच्या नावाखाली आले, अगर आलेच नाही, तरी आपले काय बिघडले? ज्याच्या मनाला ही खात्री पटली, तो दुसऱ्याचे नाव मोकळ्या हाताने लिहू शकतो.

आपल्या मंडळीतील एखादे मूल या रविवारी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून, हे कोण, असे विचारील तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याजवळ बसा आणि सांगा. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर त्याला बरोबर घेऊन जुन्या माणसांच्या घरी विचारावयास जा. सांगणारी अशी माणसे प्रभु आपल्या प्रत्येक मंडळीत राखून ठेवो.